वर्ग सात, जागे चार

लांजेवार सरांना मी विभागात कधी खुर्चीवर बसलेलं पाहिलं नाही. त्यामागे काही थोर कारण नव्हतं. आमच्या वनस्पतीशास्त्र विभागात त्यांना खुर्चीच नव्हती. स्टाफरूममध्ये पाच खुर्च्या, पाच कपाटं आणि दारावर पाच नावांच्या पाट्या. त्यातली दोन माणसं निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तरी खुर्च्या अजून त्यांच्याच. सर तासिका तत्त्वावरचे. म्हणजे तास चालू असेल तोवर प्राध्यापक, घंटा झाली की कोणीच नाही. त्यांची पिशवी सुकवलेल्या नमुन्यांच्या कपाटामागे एका खिळ्याला टांगलेली असायची. डबा ते प्रयोगशाळेच्या ओट्यापाशी उभ्याने खायचे. असं चौदा वर्षं चाललं होतं.

चौदा हा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. मला वाटलं, आपली ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. दर मे महिन्यात सरांना नारळ मिळायचा आणि दर ऑगस्टमध्ये त्यांची नव्याने मुलाखत व्हायची. वर्षभर ज्यांच्यासोबत चहा प्यायला तीच माणसं टेबलापलीकडे बसून विचारायची, "आपली ओळख करून द्या." सर करून द्यायचे. नाव, गाव, शिक्षण, पीएच.डी.चा विषय, सगळं शांतपणे.

"सर, तुम्हाला राग नाही येत?" मी एकदा विचारलं.

"येते ना वं. पण त्याच दिवसापासून वर्ग सुरू होते. रागात शिकवलं का पोरायले समजत नाही."

मला मात्र येतो. तेव्हा आला होता आणि आता हे लिहितानाही येतोय.

सर कोराडीहून यायचे. त्यांच्या पत्नी तिथल्या वीज केंद्रात कारकून, क्वार्टर त्यांच्या नावावर. "मी बायकोच्या घरचा भाडेकरू," असं सर स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे. कोराडीहून सिटी बसने नागपुरात सदर भागापर्यंत आणि तिथून पायी. अंगात फिक्या रंगाचा शर्ट, गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेलं भिंग. ते भिंग शर्टाच्या खिशात टाकलेलं असायचं, त्यामुळे त्यांचे सगळे खिसे एका बाजूला ओढलेले. बसमधून उतरल्यावर रस्त्यात जे दिसेल ते तोडून आणायचे. तरोटा, गाजरगवत, कोणाच्या कुंपणावरची वेल. एका बंगल्यातल्या बाईंनी त्यांना फूलचोर म्हणून फाटकातच अडवलं होतं. सरांनी तिथेच त्यांना फुलाचे भाग समजावून सांगितले. त्या दिवशी ते पंधरा मिनिटं उशिरा आले आणि वर्गाला म्हणाले, "एक तास बाहेरच झाला."

वर्गात सर साधी, शुद्ध मराठी बोलत. वर्गाबाहेर पाय टाकला की कोराडी सुरू.

त्यांची खरी ओळख म्हणजे तासाची वही. काळ्या पुठ्ठ्याची लांब वही, दर वर्षी एक. तास संपला की आम्ही बाहेर आणि सर शेवटच्या बाकावर. तिथे बसून ते वही लिहायचे. शेवटचाच बाक का, असं एकाने विचारलं तर म्हणाले, "फळा तिथून कसा दिसते ते समजते. माझं अक्षर तिथून मलेच वाचता येत नाही गा."

प्राध्यापकांनी रोजची डायरी लिहायची असते, असा नियमच आहे. बाकीच्यांच्या डायऱ्या कोऱ्या होत्या. सरांना नियम लागू नव्हता, कारण ते प्राध्यापक नव्हते, आणि त्यांची वही तुडुंब भरलेली. एकदा ते फोनवर बोलायला बाहेर गेले तेव्हा मी उघड्या पानात डोकावले. वर तारीख, विषय. खाली लिहिलं होतं: "वर्ग सात, जागे चार. कुळांची तुलना घाईत झाली. दोघींच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. उद्या पहिल्यापासून." आम्ही सातजण होतो हे खरं. झोपलेल्या तिघांत त्या दिवशी मीही होते. माझी मान शरमेने खाली गेली. हजेरी घेणारे मास्तर मी शाळेपासून पाहत आले, पण वर्गात किती जण जागे आहेत हे मोजणारा माणूस पहिल्यांदाच पाहत होते.

"तास घेतला म्हणजे शिकवलं असं नाही," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आमच्या कॉलेजात हे वाक्य बोलणं म्हणजे धाडसच, कारण तिथे तास घेणं हीच मोठी गोष्ट होती. आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे हेडसर म्हणत, ते कॉलेजच्या मागच्याच गल्लीत राहायचे आणि तेवढ्या अंतरासाठी कार घेऊन यायचे. पहिल्या वर्षभरात त्यांनी आमचे तीन तास घेतले. तिन्ही वेळा विषय एकच, संशोधनाचं महत्त्व.

एकदा सरांनी कोराडी रस्त्यावरच्या करंजाची पानं आणली. वीज केंद्राच्या राखेने पांढरी पडलेली. प्रत्येकाला एक पान दिलं आणि अर्धं पुसायला सांगितलं. ओल्या कापसाने पुसलं तर खालून हिरवंगार पान निघालं. "ही राख रंध्रांत बसते आणि पानाचा श्वास कोंडतो," सर म्हणाले. मी विचारलं, "पण सर, करंजाची रंध्रं तर पानाच्या खालच्या बाजूला असतात. राख वर बसते." सर काहीतरी उत्तर देऊन पुढे गेले. मी ते लिहूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते आले तेच डोळे लाल करून. हातात काचपट्ट्यांचा डबा. "काल राऊतने प्रश्न विचारला तेव्हा मला उत्तर येत नव्हतं," ते सगळ्या वर्गाला म्हणाले, "तरी मी दिलं. चुकीचं दिलं. तुम्ही लिहून घेतलं असेल तर खोडा." मग त्यांनी पानाच्या दोन्ही बाजू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या आणि राख उजेड कसा अडवते ते समजावलं. माझं पदवीपर्यंतचं सगळं शिक्षण मास्तरांनी सांगितलेलं खरं मानण्यात गेलं होतं. मास्तर चुकू शकतो आणि चुकला तर तसं सांगू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. ते ज्या माणसाने शिकवलं त्याला बसायला खुर्ची नव्हती.

दुसऱ्या वर्षी समिती येणार असं ठरलं. कॉलेजांना श्रेणी देणारी ही मूल्यांकन समिती काही वर्षांनी एकदा येते आणि ती येणार म्हटलं की कॉलेजात लग्नघर होतं. भिंतींना रंग लागला. पाण्याच्या नळांना पाणी आलं. आमच्या विभागात, वनस्पतीशास्त्राच्या विभागात, नर्सरीतून भाड्याने कुंड्या आल्या. पाट्या नर्सरीवाल्यानेच लावल्या होत्या, त्यातल्या निम्म्या चुकीच्या. हेडसर त्यांच्यासमोरून रोज जायचे. त्यांना त्या चुका दिसल्या नाहीत. सरांना पहिल्या फेरीतच दिसल्या आणि त्यांनी सगळ्या पाट्या बदलून टाकल्या.

त्याच सुमारास एका सकाळी सर युफोर्बियाचं कूळ शिकवत होते. भाड्याच्या कुंड्यांतलंच एक काटेरी झुडूप त्यांनी टेबलावर आणून ठेवलं होतं. छोटी लाल फुलं असलेलं. एक फूल तोडून सरांनी विचारलं, "यात फुलं किती?"

"एक," आम्ही सगळे म्हणालो.

"पुस्तकात काय आहे?"

"पुस्तकात अनेक आहेत सर. फुलांचा गुच्छ."

"मग तुम्हाला एकच का दिसतंय? चला, भिंग घ्या." तेवढ्यात शिपाई मारोतराव नोटीस घेऊन आले. सगळ्या विद्यार्थ्यांनी ताबडतोब सभागृहात जमायचं, समितीच्या प्रश्नांची तालीम आहे. सरांनी फूल टेबलावर ठेवलं. आम्ही सभागृहात गेलो आणि तुमचे मार्गदर्शक शिक्षक कोण, त्यांना महिन्यातून किती वेळा भेटता, याची उत्तरं पाठ केली. माझे मार्गदर्शक म्हणून ज्यांचं नाव मला दिलं होतं त्यांना मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

त्या दुपारी हेडसरांनी सरांना बोलावलं. मी जर्नल तपासून घ्यायला दाराशी उभी होते.

"लांजेवार, तुमच्या त्या वह्या द्या बरं, मागच्या पाच वर्षांच्या. समितीला दाखवायला लागतील."

"माझ्या वह्या सर? मी तर तासिकेवर आहे."

"विभागाच्याच म्हणायच्या ना. और एक बात, श्रेणी चांगली आली की पहिली जाहिरात तुमच्या जागेची निघेल. मी बोललोय वर. ते तीन दिवस मात्र येऊ नका. समितीपुढे कायम स्टाफच दिसला पाहिजे."

सरांनी वह्या आणून दिल्या. त्यात चालू वर्षाचीही होती. चौदा वर्षांत पहिल्यांदा कोणी त्यांच्या वह्या मागत होतं. ते खूश होते, हे मी पाहिलं आहे.

पुढचं सांगताना माझी मला लाज वाटते. विभागातल्या चार मुलींना बोलावण्यात आलं. मुलींनाच, कारण मुलींचं अक्षर चांगलं असतं, रांगोळी चांगली असते आणि त्या 'नाही' म्हणत नाहीत. कोऱ्या डायऱ्यांवर पाच कायम प्राध्यापकांची नावं, त्यातले दोन निवृत्त, पण मागच्या वर्षांसाठी तेही चालणार होते. सरांच्या वह्यांतून त्यांत उतरवायचं. दोन-तीन रंगांचे पेन दिले होते. नाश्त्याला पोहे होते. भरलेल्या डायऱ्या गच्चीवर उन्हात वाळत घालायच्या, म्हणजे कागद जुना दिसतो. नागपूरचं ऑक्टोबरचं ऊन, दोन दिवसांत पानं पिवळी झाली. मारोतराव गच्चीवर पापडांसारखे त्यांना उलटेपालटे करत होते.

माझ्या वाट्याला हेडसरांची डायरी आली. चौथ्याच पानावर होतं: "कोराडीची बस मानकापूरला बंद पडली. दहा मिनिटं उशीर. मुलांची माफी मागितली." मी वही घेऊन हेडसरांकडे गेले. "सर, हे असं आहे..." त्यांनी मान वर केली नाही. "जसंच्या तसं उतरव. डोकं चालवू नको." मी जसंच्या तसं उतरवलं. बस, उशीर, माफी, करंजाची राख, माझा प्रश्न, सरांची चूक, सगळं.

काम झाल्यावर मूळ वह्या पोत्यात भरायला सांगितल्या. एकाच मजकुराच्या दोन प्रती विभागात सापडायला नकोत म्हणून रद्दीत द्यायच्या होत्या. चार वह्या मी पोत्यात टाकल्या. पाचवी, चालू वर्षाची, ओढणीत गुंडाळून घरी आणली. कशासाठी ते तेव्हा कळत नव्हतं. परत द्यायची तर सांगावं लागलं असतं की उतरवल्या मीच.

समिती आली. निरोपाच्या सभेत अध्यक्षांनी हेडसरांची डायरी हातात घेऊन सगळ्यांसमोर वाचली. "विभागप्रमुख असूनही हे सिटी बसने येतात," ते म्हणाले, "आणि दहा मिनिटांच्या उशिरासाठी विद्यार्थ्यांची माफी मागतात. असे शिक्षक आता दुर्मीळ आहेत." टाळ्या वाजल्या. हेडसरांनी नम्रपणे हात जोडले. त्यांची कार बाहेरच उभी होती. मी तिसऱ्या रांगेत, फुलांचं तबक हातात घेऊन. त्या क्षणी उठून बोलले नाही, याचं मला आयुष्यभर वाईट वाटेल. इतर कोणीही बोललं नाही, पण त्याने माझा दोष कमी होत नाही.

श्रेणी उत्तम आली. पितळी पाटी लागली. डायरीप्रमाणे युफोर्बियाचं कूळ, म्हणजे सगळं वर्गीकरणशास्त्रच, हेडसर शिकवत होते. मग वेळापत्रकही तसंच करणं भाग होतं. सरांना पहिल्या वर्षाच्या मुलांकडे पाठवलं. हेडसरांनी आम्हाला ग्रुपवर नोट्स पाठवल्या आणि एकही तास न घेता तो पेपर पूर्ण झाला. त्या फुलावर मी परीक्षेत पूर्ण गुणांचं उत्तर लिहिलं. फूल मी अजून पाहिलं नव्हतं.

सर हेडसरांना वह्यांबद्दल विचारायचे. "शोधून देतो ना," हे उत्तर ठरलेलं. मला एकदा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "वह्या सापडून नाही राहिल्या वं. कुठी ठेवल्या असतील?" मी म्हणाले, "माहीत नाही सर." घरी माझ्या कपाटात, स्वेटरच्या खाली, त्यांची वही होती.

आणि शब्द दिल्याप्रमाणे जागा निघाली. कायम जागा, एकच. मुलाखतीच्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, आणि भिंग नव्हतं म्हणून ओळखूच येईनात. आत काय झालं ते मला मारोतरावांनी सांगितलं. ते चहा घेऊन आत होते.

बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी विचारलं, "चौदा वर्षं शिकवलंत म्हणता, काही नोंद?" सर म्हणाले, "वह्या विभागाकडे आहेत." हेडसर म्हणाले, "तासिकावाल्यांच्या नोंदी ठेवायची आपल्याकडे पद्धत नाही." मग तज्ज्ञांनी टेबलावरची एक डायरी उघडून सरांपुढे सरकवली. समितीने नावाजलेली, हेडसरांची. "हे बघा, नोंद अशी असते. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, चुकीचं दिलं, दुसऱ्या दिवशी वर्गासमोर कबूल केलं. एवढा प्रामाणिकपणा आहे तुमच्यात?"

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय," मारोतराव म्हणाले, "लांजेवार सर ते पान लय वेळ पाहून राहिले. मले वाटलं आता बोलतेच हा माणूस. तं म्हणे, 'प्रयत्न करीन, सर.' अन् उठले."

जागा दुसऱ्याच कोणाला मिळाली. ऑगस्टमध्ये सर ओळख करून द्यायला आले नाहीत.

सर मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या एका कंपनीत बागेच्या देखरेखीवर आहेत, हे मारोतरावांनीच सांगितलं. तोवर माझा निकाल लागला होता, पदवी हातात होती. आता मला कोणी काही करू शकत नव्हतं, आणि नेमकी तेव्हा मला हिंमत आली. मी वही पिशवीत टाकली आणि गेले. जेवणाची सुट्टी होती. सर गेटबाहेर, रस्ता दुभाजकाच्या कडेला, चार माळ्यांना निंदण कसं ओळखायचं ते सांगत होते. अंगात कंपनीचा हिरवा शर्ट. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, आणि तिलाच बांधलेलं भिंग.

"अरे, राऊत! तू इकडं काहून?"

मी वही पुढे केली. सगळं सांगितलं. गच्ची, पोहे, पोतं, जिन्यातलं खोटं. हेडसरांची डायरी माझ्या अक्षरात होती, तेही.

"ते माहीत होतं मले," सर म्हणाले. "दोन वर्षं तुझ्या जर्नली तपासल्या. तुझं अक्षर नाही ओळखणार मी?"

"मग मुलाखतीत बोलला का नाहीत सर? तुमचेच शब्द होते ते!"

"बोललो असतो तं त्यायनं पयले कोणाले बोलावलं असतं? हेडले? तुले बोलावलं असतं वं. खोट्या नोंदी केल्या म्हणून. तुझी परीक्षा दोन महिन्यावर होती."

मला रडू फुटलं. त्यांनी ते पाहिलंच नाही असं दाखवलं आणि वहीची पानं उलटली. शेवटच्या नोंदीवर थांबले. "वर्ग सात, जागे सात. फुलं किती, यावर आलो आणि सभागृहात बोलावलं. अर्धा तास राहिला." ते वाचून त्यांनी मान वर केली.

"हे पुढं कोणी शिकवलं का?"

"नाही सर."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटं आहेत. बस."

मी दुभाजकाच्या कठड्यावर बसले. कंपन्यांच्या गेटवर असतं तेच काटेरी झुडूप समोर होतं. सरांनी एक लाल फूल तोडलं, नखाने उभं चिरलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. त्यांची भाषा वर्गातली झाली. "लाल दिसतात त्या पाकळ्या नाहीत. ती नुसती पानं आहेत, लक्ष वेधायला. आत बघा. प्रत्येक पुंकेसराच्या देठाला मध्ये बारीक सांधा आहे. दिसला? त्या सांध्याच्या वर एक पूर्ण फूल. आता मोजा." शेजारून कंपन्यांच्या बसेस जात होत्या. मी मोजत होते. सांधा दिसला. पाच वर्षं वनस्पतीशास्त्र शिकून तो मला त्या कठड्यावर दिसला.

मग ते उठले, कठड्याच्या पार शेवटच्या टोकाला जाऊन बसले आणि वहीत काहीतरी लिहिलं. आतून शिट्टी वाजली. "वही तुझ्यापाशीच राहू दे," ते म्हणाले. "मले इथी रोजची नाही लागत." आणि ओळखपत्र दाखवून गेटमधून आत गेले. गेटवरच्या पोराने त्यांची पिशवी उघडून तपासली. सर हात वर करून उभे राहिले.

ते आत दिसेनासे झाल्यावर मी वही उघडली. "राहिलेला अर्धा तास घेतला," असं लिहिलं होतं. "वर्ग एक, जागी एक."